वैलावरचं मटण, गॅसच्या शेगडीवर

चुलीला पुढचं तोंड असतं आणि त्याला जोडून बाजूला वैल. लाकडं पुढं जळतात, वैलावर फक्त आतून वळून आलेली धग पोचते. भाकरी, फोडणी, पहिली उकळी ही कामं पुढच्या तोंडावर. मटणाला उकळी फुटली की पातेलं वैलावर सरकवायचं, वर पाण्याचं ताट ठेवायचं आणि भाकरी थापायला बसायचं. दोन-अडीच तासांनी मान असो की नळी, मांस हाडावरून सुटून येतं. गॅसची शेगडी घरात आली आणि वैल गेला. मग मटण म्हणजे कुकरच्या शिट्ट्या हे ठरून गेलं, आणि ‘आज मटण वातड निघालं’ हे रविवारी दुपारी वरचेवर ऐकू यायला लागलं.

स्लो कुकर नावाचं विजेचं भांडं वैलाचंच काम करतं. ते घरात नसलं तरी काही अडत नाही. जाड बुडाचं पातेलं, लोखंडी तवा, पाण्याचं ताट आणि शेगडीचा सगळ्यात लहान बर्नर एवढ्यावर वैल परत आणता येतो. फक्त पातेल्यात काय चाललंय हे नीट माहीत हवं.

बोकड दिवसभर चालतो, मान खाली-वर करून चरतो. ज्या स्नायूंना जास्त काम, त्यांच्या धाग्यांभोवती पांढुरके पडदे आणि शिरा जास्त. म्हणून मान, खांदा, सीना आणि नळी हे भाग चिवट. त्या पडद्यांमध्ये कोलॅजेन असतं. मांस तापत ६० अंश सेल्सिअसच्या आसपास आलं की हे पडदे आकसतात आणि आतलं पाणी पिळून बाहेर काढतात. ७० च्या पुढं तेच कोलॅजेन हळूहळू विरघळून जिलेटिन व्हायला लागतं. ८५ ते ९५ अंशांच्या दरम्यान हे काम बऱ्या गतीनं चालतं, पण त्याला तास लागतात, मिनिटं नव्हे.

म्हणजे मटण शिजताना आधी कडक होतं आणि मग मऊ. पाऊण तासानं पातेल्यातून एक तुकडा काढून पाहा. तो कच्च्यापेक्षा लहान झालेला असतो, कडा आत वळलेल्या, बोटानं दाबला तर रबरासारखा परत वर येतो. चावला तर दातांत कचकचतो. घरोघरी नेमका इथंच धीर सुटतो. ‘जून दिसतंय, शिजतच नाही’ म्हणून गॅस मोठा होतो. खरं तर ते मटण अर्ध्या वाटेवर असतं, आणि अर्ध्या वाटेवरचं मटण सगळ्यात वातड लागतं. त्याला त्याच मंद आचेवर आणखी सव्वा तास द्या, तोच तुकडा चमच्याच्या कडेनं तुटेल.

गॅस मोठा करून काही साधतही नाही. उघड्या किंवा साध्या झाकणाच्या भांड्यात पाणी उकळीच्या वर तापत नाही. पुण्यात पाणी ९८ अंशांना उकळतं, महाबळेश्वरात ९५ च्या आसपास. जोरात खळखळलं म्हणून ते जास्त गरम होत नाही, नुसती जास्त वाफ जाते. तुकडे एकमेकांवर आपटून त्यांच्या कडा झडतात, चरबी घुसळली जाऊन पाणी गढूळ होतं आणि बाहेरचे धागे कोरडे पडतात.

आता खाटकाकडं. एक किलो मटण मंद शिजवायचं असेल तर साधारण ४०० ग्रॅम खांदा, ३०० ग्रॅम मान आणि उरलेल्यात सीना व नळी असं मागून घ्या. पूर्ण मांडीचं मटण घेऊ नका. मांडीचं मांस दिसायला छान असतं, पण त्यात पडदे आणि चरबी कमी. दोन तास शिजवलं तर ते मऊ न होता दोरे दोरे होतं आणि घशाखाली उतरायला पाणी लागतं. मांडी कमी वेळात शिजणाऱ्या सुक्यासाठी राखून ठेवलेली बरी.

तुकडे दोन ते अडीच इंचांचे करायला सांगा. सवयीनं इंचभराचे तुकडे मिळतात, ते लवकर आकसून गोळ्या होतात. मोठ्या तुकड्याचा पृष्ठभाग मानानं कमी, म्हणून रस आत टिकतो. नळीला सत्तुराचा एकच घाव घालून दोन भाग करून घ्या, चेचून घेऊ नका. चेचलेल्या हाडाच्या किरच्या रश्शात उतरतात आणि मगज पहिल्या अर्ध्या तासातच वाहून जातो.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडं फार कमी जणांचं लक्ष जातं. जनावर कापल्यावर काही तासांत स्नायू ताठरतात. सकाळी कापलेलं मटण दुपारी बाराला पातेल्यात गेलं तर ते नेमकं या ताठरलेल्या अवस्थेत असू शकतं. एक दिवस फ्रिजमध्ये ठेवलं की स्नायू पुन्हा सैल पडतात. रविवारचं मटण शनिवारी आणून ठेवावं, हे माझं ठाम मत आहे. ताजेपणा काही जात नाही, उलट चव खुलते.

आणल्यावर एकदाच, वाहत्या पाण्यात चटकन धुऊन निथळा. एक किलोला दोन सपाट चहाचे चमचे मीठ, अर्धा चमचा हळद आणि दीड मोठा चमचा आलं-लसणाची गोळी चोळून झाकून फ्रिजमध्ये ठेवा. किमान २ तास, रात्रभर राहिलं तर उत्तम. मीठ आधी घातलं तर मटण शिजत नाही असं बऱ्याच घरांत मानतात. ते डोक्यातून काढून टाका. मीठ आत मुरतं, मांसाला पाणी धरून ठेवायला मदत करतं आणि आतला भाग अळणी राहत नाही. फक्त एकूण मिठातलं पाव भाग मागं ठेवायचं, कारण रस्सा आटला की खारटपणा वाढतो.

भांडं चार लिटरचं, जाड बुडाचं. पातळ ॲल्युमिनियमचं पातेलं असेल तर त्याच्याखाली लोखंडी तवा ठेवाच. ज्योत एका जागी लागत नाही, धग पसरते. बिडाची कढई या कामाला फार चांगली, पण तिच्यात टोमॅटो किंवा चिंच तासन्‌तास शिजवू नका, रस्सा काळपट होतो आणि लोखंडाची चव येते. पितळी पातेलं कल्हई असेल तरच.

तीन मोठे चमचे तेल तापवून दोन मध्यम कांदे बारीक चिरून गुलाबी करा, तमालपत्र टाका, मग मटण. मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं परता. मटणाला अंगचं पाणी सुटेल. ते आटून कडेनं तेल दिसायला लागेपर्यंत थांबा, नाहीतर कच्चट वास शेवटपर्यंत राहतो. इथं मटण लाल होत नाही, आणि व्हायचीही गरज नाही. एक किलो मटण एका पातेल्यात दाटीनं पडलं की ते स्वतःच्याच वाफेत शिजतं. खमंगपणा आपल्याकडं भाजलेल्या वाटणातून येतो. तरीही मटणाला रंग हवाच असेल तर पसरट तव्यावर पाव-पाव किलो करून, तुकड्यांमध्ये जागा सोडून परता.

आता एक लिटर गरम पाणी घाला. सुकं करायचं असेल तर दोन कप पुरे. मोठ्या आचेवर एक उकळी येऊ द्या, वर आलेला करडा फेस पळीनं काढून टाका, आणि पातेलं लहान बर्नरवर, तव्यावर सरकवा. आच सगळ्यात बारीक. पाण्याचा पृष्ठभाग पाहा: एखाद्या कोपऱ्यातून दर सेकंदाला एक-दोन बुडबुडे वर यावेत, मधला भाग नुसता थरथरावा. एवढंच हवं. लाटा उठत असतील तर पातेलं तव्यावर थोडं एका बाजूला घ्या.

झाकण म्हणून खोलगट ताट ठेवून त्यात गार पाणी ओता. हे ताट म्हणजे या सगळ्या पद्धतीचा जीव. गार ताटाला वाफ लागते, तिचं पाणी होऊन ती परत मटणावर ठिबकते, म्हणून रस्सा आटत नाही आणि बूड लागत नाही. वरचं पाणी गरम झालं की रश्शाला लागेल तसं तेच आत घालायचं आणि ताटात पुन्हा गार पाणी. आच कळण्याचं साधनही हेच ताट आहे. पाणी चांगलं गरम व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागली तर आच बरोबर. दहा मिनिटांतच वाफा निघायला लागल्या तर खाली खळखळतंय असं समजा.

मटणात गार पाणी घालू नये, ते आखडतं, असं म्हणतात. मांस त्यानं आखडत नाही. पण दीड लिटर रश्शात अर्धा लिटर नळाचं पाणी पडलं तर तापमान ९५ वरून ७५–८० पर्यंत खाली येतं, आणि बारीक आचेवर ते वर चढायला बराच वेळ जातो. तेवढा वेळ मऊ होण्याचं काम जवळजवळ थांबतं. वर आपण घाईनं गॅस मोठा करतो तो वेगळाच. म्हणून गरम पाण्याची सवय योग्यच आहे.

वेळ: कोवळ्या बोकडाला दीड तास, मध्यमला दोन ते सव्वादोन, जून असेल तर तीन. दर अर्ध्या तासानं एकदा बुडापासून हलकेच हलवा, उगाच झाकण उघडू नका. शिजलं का हे घड्याळावर ठरवू नये. मानेचा एक तुकडा ताटलीत घ्या, अंगठ्यानं हाडाच्या बाजूला दाबा. मांस सरकून हाड उघडं पडलं आणि पडद्याच्या जागी बोटाला चिकट ओलसरपणा लागला तर झालं. दाबल्यावर नुसतं पाणी सुटलं आणि तुकडा तसाच राहिला तर अजून अर्धा तास. एका नाही, दोन वेगवेगळ्या भागांचे तुकडे तपासा; खांदा बहुधा मानेच्या आधी होतो.

वाटण आत्ता, आधी नाही. सुकं खोबरं, कांदा, तीळ, खसखस यांचं दाट वाटण सुरुवातीलाच घातलं तर ते खाली बसतं आणि मंद आचेवरसुद्धा करपतं, कारण दाट रस्सा पाण्यासारखा फिरत नाही. कोल्हापूरकडं आधी अळणी काढतात, म्हणजे हळद-मिठाच्या पाण्यात मटण शिजवून घेतात, आणि मग त्याच पाण्याचे तांबडा आणि पांढरा असे दोन रस्से होतात. मंद शिजवण्यासाठी हीच चाल अगदी योग्य. मटण पातळ पाण्यात मऊ होऊ द्या, वाटण वेगळं तेलात तेल सुटेपर्यंत परता आणि शेवटच्या पंचवीस-तीस मिनिटांत पातेल्यात मिसळा. पांढऱ्या रश्शात नारळाचं दूध घातल्यावर उकळी फुटू देऊ नका, दूध फाटतं.

बटाटे घालायचे तर तेही शेवटच्या अर्ध्या तासात, आणि आंबट त्याच्याही नंतर. टोमॅटो, चिंच, दही यांनी मटणाचं काही बिघडत नाही, पण आंबट पाण्यात बटाटा तासभर ठेवला तरी मधे कचकचीतच राहतो.

कच्च्या पपईबद्दल. पपईतलं पपेन ६० ते ७० अंशांच्या टप्प्यात सगळ्यात जोरात काम करतं आणि पुढं तापलं की निकामी होतं. मंद आचेवर मटण या टप्प्यातून सावकाश जातं, त्यामुळं बाहेरचा थर पिठूळ होऊन रश्शात विरघळतो, आतला भाग तसाच. पपई भाजायच्या मटणाला लावा, किलोला एक चमचा, अर्धा-पाऊण तास. पातेल्यातल्या मटणाला तिची गरज नाही. खायच्या सोड्याचीही नाही, त्यानं साबणासारखी चव येते.

कुकरला मी नावं ठेवणार नाही. आत १२० अंशांच्या आसपास तापमान जातं, म्हणून दोन तासांचं काम अर्ध्या तासात होतं. पण शिट्ट्या मोजणं हे माप नाही. मोठ्या आचेवर पाच मिनिटांत पाच शिट्ट्या होतात, बारीक आचेवर वीस मिनिटांत दोन. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करा आणि घड्याळ लावा: मध्यम मटणाला २० ते २५ मिनिटं. नंतर वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी चमच्यानं उचलून वाफ सोडली की दाब एकदम उतरतो, मांसातलं तापलेलं पाणी आतल्या आत उकळून बाहेर पडतं, आणि मऊ झालेलं मटण कोरडं लागतं. वेळ कमी असेल तेव्हा मधला मार्ग: कुकरमध्ये १२–१५ मिनिटं, मग झाकण काढून वाटणासकट पाऊण तास मंद आचेवर. चवीत फार फरक राहत नाही.

घरात ओव्हन असेल तर काम आणखी सोपं. ओव्हनमध्ये जाणारं जड भांडं घ्या, शेगडीवर उकळी आणा, झाकणाची फट कणकेच्या वळकटीनं लिंपून टाका आणि १४० अंशांवर अडीच ते तीन तास ठेवा. धग चारही बाजूंनी येते, म्हणून बूड लागायची भीती नाही, हलवायचंही नाही. प्लॅस्टिकची मूठ असलेलं भांडं चालणार नाही. लहान ओव्हनमध्ये वरची कॉइल झाकणाच्या फार जवळ येते, तेव्हा फक्त खालची चालू ठेवा. परदेशात बोकडाऐवजी लॅम्ब मिळतं, त्याचा खांदा किंवा नळी घ्या. वेळ तेवढीच, पण चरबी बरीच सुटते. ती वरून काढून त्यातल्याच दोन चमच्यांत वाटण परतलं तर वेगळं तेल लागत नाही.

गॅस वाचवायचा असेल तर गोधडी. मटण झाकण लावून अर्धा तास नीट उकळवा, खालून-वरून वर्तमानपत्रांचे जाड थर द्या, पातेलं गोधडीत घट्ट गुंडाळून थर्माकोलच्या खोक्यात ठेवा. चार लिटरचं पातेलं पाऊणभर तरी भरलेलं हवं. अर्धा किलो मटण मोठ्या भांड्यात असेल तर ते लगेच निवतं आणि हा प्रयोग फसतो. तीन-चार तासांनी काढा, दहा मिनिटं पुन्हा खळखळून उकळवा, मग तपासा. बहुतेक वेळा आणखी अर्धा तास मंद आच लागते. यात एक पथ्य काटेकोर पाळायचं: रस्सा ६० अंशांच्या खाली तासन्‌तास राहता कामा नये, त्या तापमानात जंतू वाढतात. रात्रभर गुंडाळून ठेवू नका. स्वयंपाकाचा थर्मामीटर काही फार महाग नसतो, या पद्धतीला तो घ्याच.

पाया हा या सगळ्याचा कळस. आठ खूर ज्योतीवर भाजून, सुरीनं खरवडून, गव्हाच्या पिठानं आणि हळदीनं चोळून धुवा. पाच मिनिटं उकळून पहिलं पाणी फेका. मग अडीच लिटर पाणी, आलं, लसूण, मिरे, मीठ, आणि ताटाखाली पाच-सहा तास. खुरांत मांस जवळजवळ नाहीच, सगळं कातडं आणि शिरा, म्हणून इथं घाई केली तर हातात फक्त हाडाचं पाणी येतं. नीट झालेल्या पायाचा थेंब बोटांच्या चिमटीत धरून बोटं उघडली की चिकटून ओढ लागते.

मटण शिजल्यावर गॅस बंद करून अर्धा तास झाकून तसंच राहू द्या. तापमान उतरतं तसं रस्सा दाटसर होतो आणि थोडा मांसातही परत शिरतो. उरलेलं दोन तासांच्या आत उथळ भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी वर तर्रीचा केशरी थर गोठलेला असतो, आणि खालचा रस्सा पातेलं हलवलं की जेलीसारखा थरथरतो. नाही थरथरला तर एकतर पाणी जास्त झालं होतं किंवा वेळ कमी पडला होता. गरम करताना वरून पाणी ओतू नका. बारीक आचेवर ठेवलं की जेली आपोआप सुटते, आणि एक उकळी फुटली की लगेच वाढायचं.